काय कापायचं, काय ठेवायचं: शहापूर-मुरबाडच्या तीन मुलाखती

मागच्या महिन्यात मुरबाडला कॉलेजच्या पोरांसमोर तासभर बोललो. विषय होता, मोबाइलवर मुलाखत कशी घ्यायची आणि नंतर ती एडिट कशी करायची. एपिसोड टाकला आणि दोनच दिवसांत मेसेज सुरू झाले: "दादा, एसटीत काय ऐकू येत नाय, लिहून टाक ना." तर ही घ्या लिखित आवृत्ती. बोललो तसंच ठेवलंय. फक्त "म्हणजे" आणि "ॲक्च्युअली" हे दोन शब्द मोजून पन्नासेक वेळा आले होते, ते उडवलेत. म्हणजे बघा, एडिटिंग इथूनच सुरू झालं.

आधी माझी ओळख. मी शहापूर तालुक्यातला. मामाचं गाव मुरबाडकडचं. बीटेक केलं आणि आता ऐरोलीत सॉफ्टवेअरची नोकरी करतो. सोमवार ते शुक्रवार आसनगावहून लोकल, आणि शनिवार-रविवार बाइक, एक कॉलरचा माईक, फोन आणि हेडफोन. आपल्या दोन तालुक्यांतल्या म्हाताऱ्या माणसांशी बोलायचं आणि ते रेकॉर्ड करायचं, असं दोन वर्षं चाललंय. पत्रकारितेचं शिक्षण नाही. जे काय सांगणार आहे ते हेडफोन कानाला लावून, तेच तेच वाक्य वीस वेळा ऐकून कळलेलं आहे.

मशीनचा भाग पटकन उरकतो, कारण तो सोपा आहे. फोन एअरप्लेन मोडवर. रेकॉर्डिंग वेव्ह फाइलमध्ये, सेकंदाला ४८,००० सॅम्पल. एका तासाची मोनो फाइल साधारण ३४५ एमबी होते, तेव्हा जागा आधी रिकामी करा. आवाजाची पट्टी उणे १२ डेसिबलच्या आसपास नाचू द्या, शून्याला टेकली की आवाज फाटतो, आणि फाटलेला आवाज कुठलंही सॉफ्टवेअर शिवून देत नाही. पंखा बंद. पावसाळ्यात पत्र्याखाली बसू नका, सर आली की संपलं. आणि निघायच्या आधी तीस सेकंद कुणी काहीच बोलायचं नाही, नुसती खोली रेकॉर्ड करायची. घरातले लोक हसतात, हसू द्या. नंतर एखादं वाक्य कापलं की तिथे भोक पडतं, ते भोक त्याच खोलीच्या शांततेनं बुजवता येतं. दुसऱ्या कुठल्या शांततेनं नाही. चौकातल्या घराची शांतता वेगळी आणि पाड्यावरची वेगळी, हे हेडफोन लावल्याशिवाय पटत नाही.

आता मुद्द्याचं.

पहिली मुलाखत शहापूरच्या एका पाड्यावरच्या आजींची. एप्रिल महिना. तुम्हाला माहितीच आहे, मुंबईला पाणी देणाऱ्या सात तलावांपैकी तानसा आणि भातसा आपल्या शहापुरात. तानसा धरण १८९२ साली पुरं झालं, म्हणजे सव्वाशेहून जास्त वर्षं इथलं पाणी पाइपातून मुंबईला चाललंय. आणि दर उन्हाळ्यात त्याच तालुक्यातल्या पाड्यांवर टँकर. टीव्हीवाले येतात, पेपरवाले येतात, आणि हेडलाइन ठरलेली: धरण उशाला, कोरड घशाला.

मला विचारायचं होतं पाण्याबद्दलच. पण "आजी, पाण्याचा त्रास आहे का?" असं विचारलं की उत्तर काय येणार? "हाय ना." झालं. पुढे काय करणार? प्रश्नातच उत्तर भरून दिलं की समोरचा माणूस फक्त मान हलवतो, आणि मान हललेली ऑडिओत ऐकू येत नाही. म्हणून मी विचारलं, "आज सकाळी उठल्यापासून काय काय केलंत?" त्यावर आजी अकरा मिनिटं बोलल्या. कितीला उठल्या, कुत्रं कुठपर्यंत बरोबर आलं, विहिरीवर आधी कोण होतं, कुणाचा नंबर कुणी घेतला, सुनेला का नाही नेलं. मी एक शब्द बोललो नाही. मान डोलवायची, डोळे त्यांच्याकडे, तोंड बंद. तुमचं "हो का, अच्छा, बरोबर" त्यांच्या वाक्यावर बसलं की ते सुटं करता येत नाही, चहात साखर विरघळल्यासारखं होतं.

त्या अकरा मिनिटांत मध्येच एक गोष्ट आली. आजी म्हणाल्या की पहाटे अंधारात विहिरीत पाणी दिसत नाही, पण बादली खाली गेली की आवाजावरून कळतं. पाणी बरं असलं तर बादली डुबकन बुडते. कमी असलं तर आडवी पडते आणि खडकाला घासते. "घासली का समजायचं, आज दोनच हंडे." बास. मी त्यांना म्हटलं, उद्या पहाटे मला घेऊन चला. गेलो. तो घासण्याचा आवाज माझ्याकडे चार सेकंदांचा आहे. एपिसोडची सुरुवात त्यानंच होते, आणि कुणीही विचारलं नाही की हा कसला आवाज, कारण पाचव्या मिनिटाला आजीच सांगतात.

आता गंमत ऐका. आम्ही बोलत बसलेलो, तर शेजारचा एक पोरगा आला. हुशार पोरगा. त्याला वाटलं आजी मुद्द्याचं बोलतच नाहीयेत. तो म्हणाला, "आजी, ते सांग ना, धरण उशाला." आणि आजींनी सांगितलं. अख्खी म्हण, नीट, शाळेत कविता म्हणतात तशी. आता माझ्याकडे दोन गोष्टी झाल्या. एक, चकाचक हेडलाइन, आजींच्याच आवाजात. दुसरी, बादली घासते ती. पहिली लावली असती तर ट्रेलरला एकदम फिट. पण ते वाक्य आजींचं नव्हतं हो. पेपरातून पोराकडे, पोराकडून आजींकडे आणि तिथून माझ्या माईकमध्ये आलेलं. फिरून पेपरलाच परत गेलं असतं. ते कापलं. त्या पोरावर माझा राग नाही. टीव्हीवाल्यांना काय लागतं हे त्यानं बघून बघून पाठ केलंय, एवढंच.

याच मुलाखतीत दुसरा एक कट होता, तो जास्त महत्त्वाचा. आजी म्हणाल्या, "सरकारनं पाइप टाकला. दोन वर्सं पानी आलं, बरं आलं. मग मोटार जळली ती जळली. पानी नाय." एपिसोड लांबत होता. "दोन वर्सं पानी आलं, बरं आलं, मग मोटार जळली ती जळली" हा तुकडा साधारण सहा सेकंदांचा. काढला तर काय उरतं? "सरकारनं पाइप टाकला. पानी नाय." ऐकायला भारी! टाळ्या पडतील. एकही शब्द माझा नाही, सगळे आजींचेच, आणि तरी ते खोटं. कारण आजी सांगत होत्या मोटारीबद्दल, दुरुस्तीबद्दल, म्हणजे कुणाच्या तरी ठरावीक कामाबद्दल, आणि ऐकू येणार नुसती ओरड. तुकडा ठेवला. त्यासाठी दुसरीकडे माझाच एक प्रश्न कापला.

सॉफ्टवेअरवाल्यांना यात एक गोष्ट पटकन कळेल. कोडमधून एखादी ओळ काढली की प्रोग्रॅम बंद पडतो, निदान लाल अक्षरात शिव्या तरी देतो. ऑडिओ देत नाही. उलट ऑडिओ आधीपेक्षा छान चालतो. तपासणारं कुणी नसतं, म्हणून तपासायची सवय आपल्याला लावून घ्यावी लागते. माझी पद्धत साधी आहे. मूळ फाइलला हात लावायचा नाही, कॉपीवर काम करायचं. प्रत्येक कट कुठल्या मिनिटाला घेतला आणि काय काढलं हे एका वहीत लिहायचं. हो, कागदाच्या वहीत, दोनशे पानी. आणि एका प्रश्नाचं उत्तर उचलून दुसऱ्या प्रश्नाखाली चिकटवायचं नाही, कितीही शोभलं तरी.

दुसरी मुलाखत मुरबाड तालुक्यातली, सिद्धगडाच्या पायथ्याच्या बाजूची. २ जानेवारी १९४३ ची पहाट आपल्याकडे सगळ्यांना ठाऊक असते. भाई कोतवाल आणि हिराजी पाटील सिद्धगडच्या जंगलात पोलिसांच्या गोळीबारात हुतात्मा झाले. माथेरानचे वकील भाई कोतवाल, त्यांचा आझाद दस्ता, विजेचे मनोरे पाडायची ती मोहीम, हे शाळेत नसलं तरी घराघरात ऐकलेलं. दर २ जानेवारीला तिथे माणसं जमतात.

मी एका बाबांकडे गेलो. वय ऐंशीच्या आतलं. आधी हिशोब मांडून बघा. १९४३ साली जो दहा वर्षांचा होता तो आज नव्वदीच्या वर. म्हणजे आज तुम्हाला ही गोष्ट सांगणारा जवळपास प्रत्येक माणूस ऐकीव सांगतोय. त्यात वाईट काही नाही. पण ऐकीव कुणाकडून, हे विचारायला पाहिजे. बाबा बोलायला लागले आणि काय सुंदर बोलले! गोळी, झाड, धुकं, शेवटचे शब्द. मला मात्र सारखं वाटत होतं की हे कुठेतरी पाहिलंय. २०२० साली 'शहीद भाई कोतवाल' नावाचा मराठी चित्रपट आला होता. मी बाबांना विचारलं, "बाबा, हे तुम्हाला कुणी सांगितलं?" नीट लक्ष द्या, "खरं आहे का" असं विचारलं नाही. तसं विचारलं की म्हातारा माणूस दुखावतो आणि गप्प बसतो. "कुणी सांगितलं" असं विचारलं की तो आठवायला लागतो. बाबा थांबले. मग हसले आणि म्हणाले, "हे पिक्चरमधलं रं पोरा. नातवानं मोबाइलवर दावला."

मग मी म्हटलं, "आणि पिक्चरच्या आधी? घरात काय बोलायचे?"

इथे टेपवर सात सेकंद काही नाही. कोंबडा ओरडतो, लांब कुठेतरी बाइक जाते. सात सेकंद म्हणजे किती हे एकदा घड्याळ लावून बघा, जीव जातो. आपल्याला वाटतं यांना प्रश्न कळला नाही, परत विचारूया. नाही विचारायचं. सात सेकंदांनंतर बाबा म्हणाले की घरात ते नावच मोठ्यानं घ्यायचे नाहीत. आई सांगायची ती कुजबुजून, दार लावून. देश स्वतंत्र झाल्यावर कितीतरी वर्षांनीसुद्धा ती हे कुजबुजूनच सांगायची, सवय गेली नाही. आणि हे सांगताना बाबांचा स्वतःचा आवाज खाली गेला. मला समोर बसून ते कळलंच नव्हतं. रात्री लॅपटॉपवर आवाजाची लाट बघितली तेव्हा दिसलं. एवढ्या मोठ्या लाटा, आणि मधेच लाट एकदम बारीक, पेन्सिलीच्या रेघेसारखी. आईनं मुलाला जशी गोष्ट दिली तशीच, आवाजासकट, त्यानं ती जपून ठेवलेली.

आता एडिटिंगचा प्रश्न. कुठलंही पॉडकास्टचं गाइड वाचा, सांगतील की आवाज सपाट करा. कॉम्प्रेसर नावाचं टूल असतं. ते मोठा आवाज दाबतं, मग सगळाच आवाज वर उचलला की बारीकही मोठा ऐकू येतो, म्हणजे लोकलमध्ये ऐकणाऱ्याला सारखं सारखं आवाज वर-खाली करावा लागत नाही. बरोबरच आहे ते, मीही वापरतो. पण त्या चाळीस सेकंदांना लावलं असतं तर कुजबुज गेली असती आणि उरलं असतं एक नॉर्मल वाक्य: "आई हळू बोलायची." जे ऐकू यायला हवं होतं तेच पुसलं असतं. मी तेवढा भाग कॉम्प्रेसरच्या बाहेर ठेवला आणि त्याच्या आधी दोन सेकंदांची शांतता तशीच सोडली, म्हणजे ऐकणारा कान टवकारतो. तरीही तिघांनी मेसेज केला की चौदाव्या मिनिटाला आवाज कमी आहे, ठीक कर. त्यांना उत्तर दिलं, घरी जाऊन ऐका.

आणि पिक्चरवाला भाग? तो ठेवला. "पिक्चरमधलं रं पोरा" सकट. आठवणीत काय कुठून येऊन बसतं हे त्याहून चांगलं मला सांगता आलं नसतं. बाबांना तो भाग ऐकवला तेव्हा ते स्वतःच खो खो हसले.

आता लिखाणाकडे येतो, कारण हा ब्लॉगच लिखित आहे. बोललेलं लिहून देणारी सॉफ्टवेअरं आता फुकट मिळतात, मराठीलाही. आजींची फाइल मी एकात टाकली. त्यानं काय केलं? आजी जिथे जिथे "पानी" म्हणाल्या तिथे "पाणी" लिहिलं. "नाय"चं "नाही" केलं. "व्हता"चं "होता". एका ठिकाणी त्याला काहीच कळलं नाही तर ते वाक्यच गिळून टाकलं, आणि गिळल्याची खूणसुद्धा ठेवली नाही. यात मशीनचा डाव वगैरे काही नाही. ते ज्या मराठीवर शिकलंय ती बातम्यांची, पुस्तकांची मराठी. त्याला आपली कुणबी बोली, आगरी बोली, ठाकरांची, कातकऱ्यांची बोली म्हणजे शुद्धलेखनाच्या चुका वाटतात. आणि शाळेत बाईंनी आपल्याला तेच सांगितलेलं असतं, त्यामुळे आपल्यालाही खटकत नाही.

मी "पानी" ठेवतो. एक दोस्त म्हणाला, तू त्यांना गावंढळ दाखवतोयस. विचार करण्यासारखं आहे ते. म्हणून मी एक नियम केला: त्यांचं "पानी" लिहायचं असेल तर माझंही जसं निघालं तसंच लिहायचं. माझ्या "ॲक्च्युअली"ला झाकायचं आणि त्यांच्या "नाय"ला उघडं पाडायचं, असं नाही चालणार. (वर उडवले ते माझ्या भाषणातले. मुलाखतींमध्ये ते सगळे आहेत, जाऊन बघा.) पुण्याच्या डेक्कन कॉलेजनं मराठीच्या बोलींचं सर्वेक्षण केलंय, वेगवेगळ्या जिल्ह्यांतल्या माणसांचं बोलणं रेकॉर्ड करून. ते वेबसाइटवर आहे. वेळ काढून ऐका. अभ्यासक माणूस "नाय" ऐकतो तेव्हा त्याला चूक दिसत नाही, नियम दिसतो.

आणि ज्यांनी हे काम आपल्या कितीतरी आधी आणि कितीतरी मोठं केलं त्यांच्याबद्दल थोडं सांगतो. जात्यावरच्या ओव्या. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ या दोघांनी सहकाऱ्यांना घेऊन महाराष्ट्रातल्या हजाराहून जास्त गावांतून बायकांच्या ओव्या गोळा केल्या, एक लाखाहून जास्त. नव्वदच्या दशकात बर्नार्ड बेल नावाचा फ्रेंच माणूस त्यांच्यात आला. तो संगीतातला आणि कॉम्प्युटरमधला. म्हणजे आपल्यातलाच म्हणा ना. त्यानं डेटाबेस बांधला आणि सव्वाशे तासांच्या आसपास आवाज डिजिटल टेपवर घेतला. २०१७ पासून हे सगळं पारीवर, म्हणजे पीपल्स आर्काइव्ह ऑफ रुरल इंडियावर, येऊ लागलं.

मला त्यातलं भावलं ते त्या डेटाबेसचं काम. ओवीबरोबर गाणारीचं नाव, तिचं गाव. आपण रील टाकतो तेव्हा कॅप्शनला काय लिहितो? "गावाकडची आजी." आजीला नाव नसतं का? त्या डेटाबेसमध्ये नाव हा एक कॉलम आहे, आणि तो कॉलम होता म्हणूनच पारीची माणसं वीस-वीस वर्षांनी त्या गावांत परत जाऊ शकली, दार वाजवून विचारू शकली की ह्या बाई कुठे राहतात. काही भेटल्या, पुन्हा गायल्या. फाइलचं नाव नीट ठेवा, असं मी ओरडून सांगतो ना, ते याच्यासाठी. "न्यू रेकॉर्डिंग १७" अशा नावाच्या फाइलकडे वीस वर्षांनी कुणी परत येऊ शकत नाही. तारीख, गाव, व्यक्ती, आणि तिनं कशाला हो म्हटलंय ते.

ते "हो" नीट सांगतो, कारण तिसरी मुलाखत सगळी त्यावरच आहे. रेकॉर्डिंग सुरू झाल्यावर पहिलं वाक्य माझं असतं: मी कोण, हे कुठे वाजणार, कोण ऐकू शकतं. "इंटरनेटवर टाकणार" याचा अर्थ सगळ्यांना सारखा कळतोच असं नाही. मी म्हणतो, "तुमचा मालक, तुमचा जावई, तुमचा शेजारी, सगळ्यांच्या मोबाइलवर हे वाजू शकतं. चालेल?" संपल्यावर पुन्हा तेच विचारतो. आणि एडिट झाल्यावर फोन घेऊन परत जातो, पूर्ण ऐकवतो. तीन वेळा विचारणं जास्त वाटतं. पण पहिल्या वेळी माणसाला माहीतच नसतं की आपण काय बोलणार आहोत.

तर तिसरी मुलाखत. कुठल्या तालुक्यातली ते सांगत नाही, का ते कळेलच. ऑगस्ट महिना, पावसाची उघडीप. एक दादा, चाळिशीतले, वीटभट्टीवर जाणारे. दिवाळी झाली की कुटुंबासकट निघायचं, पावसाच्या तोंडाला परत. तुमच्यातल्या काही जणांच्या घरचं आहे हे, मी काय सांगू. जाण्याआधी मालकाकडून बयाणा घ्यायचा, आठवड्याला खर्ची मिळते, हजार विटांमागे दर, आणि शेवटी हिशोब. हिशोबात फिटलं नाही तर पुढच्या साली त्याच भट्टीवर. वेठबिगारी बंद करायचा कायदा १९७६ चा आहे. दादांचा जन्म त्यानंतरचा.

दादा शांतपणे बोलले. रडणं नाही, चिडणं नाही. किती बयाणा घेतला, कशासाठी घेतला, वहीत काय लिहिलं आणि त्यांना काय वाचून दाखवलं. मालकाचं नाव घेतलं, दोनदा. मी आजवर रेकॉर्ड केलेल्यातली ती सगळ्यात स्पष्ट मुलाखत आहे. कटच लागत नाहीत तिला. एका माणसानं आपला हिशोब तोंडानं मांडलेला, आकड्यांसकट.

दोन आठवड्यांनी ऐकवायला गेलो. दादा, त्यांची बायको, दोन पोरं, मध्ये फोन. अख्खं ऐकलं. दादा म्हणाले, "टाका. खोटं काय हाय त्यात?" वहिनी काही बोलल्या नाहीत. मी चहाचा कप ठेवायला आत गेलो तेव्हा त्या म्हणाल्या, "दिवालीनंतर तिथंच जायचंय आमाला."

आता सांगा. पोरांना मी हाच प्रश्न टाकला तेव्हा पहिलं उत्तर आलं, नावावर बीप मारा. बीपनं काय होतं? ऐकणारा पहिलं काम करतो ते बीपखाली कोण आहे हे शोधायचं. आणि आपल्याकडे शोधायला काय लागतं? दुसरं उत्तर, दादांचं नाव बदला. नाव बदलून काय उपयोग, आवाज त्यांचाच ना! पेपरात नाव बदललं की माणूस लपतो. ऑडिओत नाही लपत. पाड्यावरचं पोरगंसुद्धा पहिल्या वाक्याला सांगेल कोण बोलतंय. तिसरं उत्तर, आवाज जाड करा, टीव्हीवर करतात तसा. ते मी करून बघितलं. ज्या माणसानं काही गुन्हा केला नाही त्याचा आवाज गुन्हेगारासारखा येतो. चौथं, दुसऱ्या कुणाकडून वाचून घ्या. हे मी दादांना विचारलं होतं. ते म्हणाले, "मंग तो मी कसा?"

एका मुलीनं विचारलं की दादा हो म्हणतायत तर तुम्ही अडवणारे कोण? बरोबर प्रश्न आहे. मोठा माणूस आहे, स्वतःचं कळतं त्याला, आणि मी शहरात नोकरी करणारा, मला काही होणार नाही. पण त्या घरातून भट्टीवर एकटे दादा जात नाहीत. बायको जाते, पोरं जातात. आवाज एकाचा, आणि परिणाम चौघांवर. वहिनींना मी रेकॉर्डच केलेलं नव्हतं, तरी ती मुलाखत त्यांचीही होती. दोघांनी बसून ठरवावं, मी थांबतो, असं सांगून निघालो. वाट अडवली असं मला वाटत नाही. दुसरी मुलगी म्हणाली, मग हे कुणाला कळणारच नाही. तेही खरं. तिला मी काही उत्तर दिलं नाही, कारण ती बरोबर बोलत होती.

दिवाळीनंतर ते गेले. जायच्या आदल्या दिवशी वहिनींचा फोन आला, फाइल आहे ना जपून, म्हणून. पुसू नका म्हणाल्या. दोन ड्राइव्हवर आहे, एक ऐरोलीत, एक गावच्या घरी. फाइलच्या नावात तारीख आहे, आणि शेवटी लिहिलंय: "दोघांना विचारणे, जून."